सणाच्या पंगतीतले नावडते: टर्की, फ्रूटकेक, लुटेफिस्क वगैरेंबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

थँक्सगिव्हिंग किंवा ख्रिसमसच्या जेवणाचं बोलावणं पहिल्यांदाच आलेल्यांना पडणारे हे प्रश्न आहेत. इंग्रजी मालिकांमधले फ्रूटकेकवरचे विनोद ऐकून ‘एवढं काय वाईट असतं त्यात?’ असं वाटणाऱ्यांनाही ते पडतात. माहिती पडताळलेली आहे. मतं माझी आहेत, ती पटलीच पाहिजेत असं नाही.

नेमक्या कुठल्या सणांबद्दल बोलतोय आपण?

मुख्यतः अमेरिकेतलं थँक्सगिव्हिंग (आभार मानण्याचा सण) आणि अमेरिका-युरोपातला ख्रिसमस. थँक्सगिव्हिंग अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी असतं (हा वार कायद्याने १९४१ साली पक्का झाला) आणि कॅनडात ऑक्टोबरच्या दुसऱ्या सोमवारी. दोन्ही सणांचं मुख्य जेवण अमेरिकेत बहुतेक घरी दुपारी उशिरा किंवा संध्याकाळी लवकर होतं आणि पदार्थांची यादी वर्षानुवर्षं तीच राहते. गोची या यादीतच आहे.

आवडत नाहीत तर हे पदार्थ करतातच कशाला?

वर्षातून एकदाच होतात म्हणून. रोजचा पदार्थ बिघडला तर चार दिवसांत कुणीतरी बोलतं, मीठ-मसाला बदलतो आणि वर्षभरात तो सुधारतो. सणाच्या पदार्थाच्या वाट्याला हे येतच नाही. करणाऱ्याचा हात बसत नाही, कारण पुढची संधी बारा महिन्यांनी. खाणारा तक्रार करत नाही, कारण सणाच्या दिवशी कशाला वाद. त्यामुळे एखाद्याच्या आजीने १९६२ साली डब्यातलं सूप ओतून जे केलं, तेच पुढच्या तीन पिढ्या करत राहतात.

दुसरं म्हणजे, यातले बरेच पदार्थ टिकाऊपणासाठी जन्माला आले: वाळवलेला मासा, दारूत मुरवलेला केक, साखरेत घातलेली फळं. फ्रिज आला, गरज संपली, पदार्थ मात्र टेबलावरच राहिले.

टर्की नेहमी कोरडीच का लागते?

एकाच पक्ष्यात दोन वेगळ्या प्रकारचं मांस असतं म्हणून. छातीचं मांस पांढरं, कमी चरबीचं. ते ६५ अंश सेल्सिअसच्या आसपास रसाळ असतं आणि त्यापुढे भराभर सुकत जातं. मांडीचं मांस गडद आणि चिवट. त्यातलं कोलॅजन (चिवटपणा आणणारं प्रथिन) विरघळायला ८० अंशांच्या आसपास जावं लागतं आणि वेळही द्यावा लागतो. अमेरिकी सरकारचा सुरक्षित आकडा ७४ अंशांचा. अख्खा पक्षी ओव्हनमध्ये टाकला की मांडी शिजेपर्यंत छातीचा भुसा होतो. त्यात आजच्या व्यापारी टर्कीची पैदास मुद्दाम मोठ्या छातीसाठी केलेली, म्हणजे सुकणारा भागच जास्त.

त्याहून मोठा घोळ बर्फाचा. गोठवलेली टर्की फ्रिजमध्ये सुटायला दर दोन-सव्वादोन किलोला एक अख्खा दिवस लागतो. सात किलोची टर्की बुधवारी रात्री बाहेर काढणाऱ्याची गुरुवारी दुपारी काय अवस्था होत असेल, ते सांगायला नको. बाहेरून करपलेली, आतून कच्ची.

उपाय माहीत असलेले आणि सोपे आहेत. एक-दोन दिवस आधी मीठ चोळून ठेवायची, कण्याचं हाड काढून पक्षी सपाट पसरून भाजायचा किंवा सरळ तुकडे करून छाती आणि मांड्या वेगवेगळ्या काढायच्या. पण मग टेबलावर अख्खा सोनेरी पक्षी आणून ठेवण्याचा तो प्रसंग हातचा जातो. बहुतेक घरांत प्रसंगाला चवीपेक्षा जास्त मतं पडतात.

पण पहिल्या थँक्सगिव्हिंगला टर्कीच होती ना?

खात्रीने सांगता येत नाही. १६२१ साली प्लिमथ या इंग्रज वसाहतीत झालेल्या त्या मेजवानीचं वर्णन एडवर्ड विन्स्लोच्या पत्रात आहे. त्यात रानपक्ष्यांच्या शिकारीचा आणि तिथल्या मूळनिवासी वाम्पानोआग लोकांनी आणलेल्या पाच हरणांचा उल्लेख येतो, टर्कीचं नाव नाही. टर्की सणाला कायमची चिकटली ती एकोणिसाव्या शतकात. सेरा जोसेफा हेल या संपादिकेने राष्ट्रीय सणासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला आणि लिंकनने १८६३ मध्ये घोषणा केली. तिच्या १८२७ च्या कादंबरीतल्या थँक्सगिव्हिंगच्या जेवणात भाजलेली टर्की मानाच्या जागी आहे. व्यवहाराचं कारणही होतं: कोंबडी अंडी देते, गाय दूध देते, टर्की नुसतीच दाणे खाते आणि एकीत दहा-बारा माणसं जेवतात.

ग्रीन बीन कॅसरोल हा काय प्रकार आहे?

फरसबीच्या शेंगा, डब्यातलं घट्ट मशरूम सूप, दूध, थोडा सोया सॉस, मिरपूड आणि वर तळलेल्या कांद्याचा थर. १९५५ मध्ये न्यू जर्सीतल्या कॅम्डेन इथे कॅम्पबेल सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली यांनी तो बसवला. घरात हमखास असणाऱ्या सामानातून झटपट होणारी भाजी हवी, एवढीच मागणी होती. त्यांनी लिहिलेलं मूळ कार्ड कंपनीने २००२ मध्ये संशोधकांच्या राष्ट्रीय सन्मान-दालनाला दिलं. २०१८ मध्ये त्या गेल्या तेव्हा मोठ्या वर्तमानपत्रांनी मृत्युलेख छापले. ज्या पदार्थाला निम्मं टेबल नावं ठेवतं, त्याच्या वाट्याला हे भाग्य!

नावं ठेवणाऱ्यांचं म्हणणं असं की सगळंच मऊ आणि खारट. ते खरंही आहे, पण दोष बहुतेक वेळा डब्यातल्या शेंगांचा. त्या आधीच शिजलेल्या असतात आणि ओव्हनमध्ये अर्धा तास गेल्या की त्यांचा लगदा होतो. ताज्या शेंगा दोन-तीन मिनिटं उकळत्या पाण्यात घालून गार पाण्यात काढल्या तर तोच पदार्थ बरा लागतो. कांदा शेवटच्या पाच मिनिटांत घालावा. तेवढं एकच कुरकुरीत असतं त्यात.

क्रॅनबेरी सॉस डब्याच्या आकारातच का उभा असतो? वळ्यांसकट?

कारण ती जेली आहे. क्रॅनबेरी या आंबट लाल फळात पेक्टिन (जेली जमवणारा घटक) भरपूर, त्यामुळे साखरेबरोबर शिजवून डब्यात ओतली की ती डब्याचाच आकार घेऊन बसते. मार्कस युरॅन या मॅसॅच्युसेट्सच्या बागायतदाराने १९१२ मध्ये डबाबंद सॉस विकायला काढला. सडकी-फुटकी निघालेली फळं वाया जाऊ नयेत हा हेतू. पुढे १९३० मध्ये त्यातून ओशन स्प्रे ही शेतकऱ्यांची सहकारी संस्था उभी राहिली.

गंमत अशी की हा पदार्थ नावडता आणि लाडका दोन्ही आहे. काही घरांत कुणी हौसेने ताज्या फळांचा सॉस केला तर ‘डब्यातला कुठाय?’ म्हणून मोठी माणसं रुसतात. ताटात त्याचं काम आंबटाचं: टर्की, ग्रेव्ही, लोण्यातले बटाटे असल्या जड ताटात तेवढाच एक आंबट घास. ताजा करायचा तर फळं, साखर आणि पाणी घेऊन फळं फुटेपर्यंत, म्हणजे दहाएक मिनिटं, शिजवायचं. इतक्या सोप्या गोष्टीला डबा कशाला, हे मला आजवर उमगलेलं नाही.

एका वर्षी मात्र पुष्कळांनी तो टाळला. ९ नोव्हेंबर १९५९ रोजी, सण अडीच आठवड्यांवर असताना, आरोग्य खात्याचे मंत्री आर्थर फ्लेमिंग यांनी काही क्रॅनबेरींमध्ये तणनाशकाचा अंश सापडल्याचं जाहीर केलं. दुकानांनी माल उतरवला आणि व्हाइट हाउसच्या जेवणातही त्या वर्षी सफरचंदाचा सॉस वाढला गेला.

रताळ्यावर मार्शमेलो? खरंच?

खरंच. मार्शमेलो म्हणजे साखरेच्या फेसाची मऊ मिठाई. आणि ते गोड म्हणून शेवटी येत नाही, टर्कीच्या शेजारी भाजी म्हणून वाढतात. १९१७ साली एंजेलस मार्शमेलो बनवणाऱ्या कंपनीने आपला माल घराघरात खपावा म्हणून पाककृतींची पुस्तिका काढून घेतली, त्यात हा प्रकार होता. जाहिरात विसरली गेली, पदार्थ राहिला. रताळं मुळात गोड, त्यावर ब्राउन शुगर, त्यावर साखरेचा फेस. यात सुधारणा सुचवण्यासारखं फारसं काही नाही. मार्शमेलो काढून वर बदाम-अक्रोडासारखं काही आणि लिंबाचा रस घातला की खाण्याजोगं होतं, पण मग तो पदार्थ तो राहत नाही.

ब्रसेल्स स्प्राउट्स एवढे कडू कसे? आणि काही लोकांना ते कडू लागतच नाहीत, हे कसं?

ब्रिटनमधल्या ख्रिसमसच्या ताटातला हा सर्वांत बदनाम सदस्य. लिंबाएवढे कोबीचे गड्डे. यांच्याबद्दल बोलायला मला आवडतं, कारण इथे तक्रार करणाऱ्यांची बाजू विज्ञानाने खरी ठरवली आहे.

कडवटपणा ग्लुकोसिनोलेट गटातल्या रसायनांचा. १९९० च्या दशकात नेदरलँड्समध्ये हान्स फान डोर्न यांच्या संशोधनातून त्यातली मुख्य दोन, सिनिग्रिन आणि प्रोगॉइट्रिन, ओळखली गेली. मग बियाणं कंपन्यांनी जपून ठेवलेली जुनी वाणं धुंडाळली, त्यातली कमी कडू निवडली आणि भरघोस पीक देणाऱ्या नव्या वाणांशी त्यांचा संकर केला. म्हणजे ‘लहानपणी हे फार कडू लागायचे’ असं म्हणणारा चाळिशीतला माणूस नुसता आठवणींत रमलेला नसतो. भाजी खरोखरच बदलली आहे.

दुसरी गोष्ट जिभेची. काही कडू पदार्थ सगळ्यांना सारखे कडू लागत नाहीत हे १९३१ मध्ये ड्युपाँट कंपनीतल्या आर्थर फॉक्सला योगायोगाने कळलं. प्रयोगशाळेत पीटीसी नावाची पूड उडाली. शेजारच्याला ती कडूजहर लागली, फॉक्सला काहीच नाही. आता ठाऊक आहे की टीएएस२आर३८ या जनुकाच्या प्रकारावर हे बरंचसं ठरतं आणि कोबीवर्गातल्या भाज्यांचा कडवटपणा जाणवण्याशीही त्याचा संबंध आहे. त्यामुळे एकाच टेबलावर, एकाच भांड्यातली भाजी एकाला गोडसर आणि दुसऱ्याला औषधासारखी लागणं अगदी शक्य आहे. ‘नखरे करू नकोस’ म्हणण्याआधी एवढं लक्षात असावं.

तिसरं कारण स्वयंपाकाचं, आणि ते सर्वांत मोठं. स्प्राउट्स जास्त उकळले की गंधकयुक्त वायू सुटतात आणि घरभर कुजकट वास भरतो. ब्रिटिश स्वयंपाकघरात वर्षानुवर्षं तेच झालं. अर्धे कापून, तेल-मीठ लावून, कापलेली बाजू खाली ठेवून २२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं भाजले तर कडा खरपूस होतात आणि वास उठत नाही. देठाला फुलीचा काप देण्याची जुनी पद्धत सोडून द्या. त्यातून पाणी आत शिरतं, बाकी काही साधत नाही.

फ्रूटकेकची एवढी टिंगल का?

टीव्हीवरचे सूत्रधार जॉनी कार्सन यांचा विनोद अमेरिकेत अजून फिरतो: जगात फ्रूटकेक एकच आहे, लोक तोच एकमेकांना पाठवत असतात. कॉलोराडोतल्या मॅनिटू स्प्रिंग्ज गावात तर १९९६ पासून जानेवारीत फ्रूटकेक लांब फेकण्याची स्पर्धा सुरू झाली. हाताने, गलोलीने, तोफेने, हवं तसं.

टिंगल मुख्यतः पोस्टाने येणाऱ्या केकची आहे. कमी पीठ, भरपूर पाकवलेली फळं, त्यात भडक लाल-हिरव्या चेरी आणि सिट्रॉन या लिंबूवर्गीय फळाच्या चिवट साली. फळाची चव त्यात उरलेली नसते, रंगीत साखर चावल्यासारखं वाटतं. शिवाय तो भेट म्हणून येतो, कुणी मागून घेत नाही.

टिकतो मात्र जबरदस्त. साखर जंतूंना लागणारं पाणी बांधून ठेवते आणि दारू त्यांना वाढू देत नाही. अंटार्क्टिकातल्या केप अडेअर इथल्या झोपडीत २०१७ मध्ये न्यूझीलंडच्या अंटार्क्टिक हेरिटेज ट्रस्टच्या लोकांना हंटली अँड पामर्स या बिस्किट कंपनीचा एक फ्रूटकेक सापडला. तो ब्रिटिश शोधप्रवासी रॉबर्ट स्कॉटच्या १९१० च्या मोहिमेतला असावा, म्हणजे शंभरी ओलांडलेला. डबा गंजला होता. आतला केक दिसायला धड होता आणि त्याचा वासही, त्या मंडळींच्या म्हणण्यानुसार, जवळपास खाण्यासारखा येत होता.

घरी करायचा असेल तर पाकवलेल्या चेरींना हात लावू नका. अंजीर, जर्दाळू, खजूर, मनुका घ्या, रात्रभर रममध्ये किंवा संत्र्याच्या रसात भिजवा आणि केक झाल्यावर काही आठवडे मुरू द्या. मधूनमधून चमचाभर रम पाजायची. संत्र्याच्या रसाचा असेल तर मुरवत ठेवू नका, आठवड्यात संपवा. असा केक खाल्लेला माणूस फेकण्याची भाषा करणार नाही.

जेलीत गाजर, कोबी आणि मासे घातलेलं सॅलड कुणाच्या डोक्यातून आलं?

आधी हे श्रीमंतांचं खाणं होतं. जिलेटिन हवं तर वासराचे पाय तासन्‌तास उकळायचे, गाळायचे, थंड जागी ठेवायचे, म्हणजे नोकर हवेत आणि बर्फ हवा. जिलेटिनची पूड आली (जेल-ओ हा ब्रँड १८९७ चा) आणि नंतर फ्रिज घरोघरी पोचले तेव्हा तो थाट सगळ्यांच्या आवाक्यात आला. १९५०-६० च्या दशकांत तर कहर झाला. जेल-ओने सेलरी आणि टोमॅटोच्या चवीची जेलीसुद्धा विकली. आता हे प्रकार फारसे कुणी करत नाही, गोड फळांची जेली तेवढी टिकून आहे. यूटा राज्याने २००१ मध्ये तिला अधिकृत खाऊचा दर्जा दिला. करणार असाल तर एक सूचना: ताजं अननस घालू नका. त्यातलं ब्रोमेलिन जिलेटिन तोडतं आणि जेली जमतच नाही. डब्यातलं चालतं.

लुटेफिस्क खरंच कॉस्टिक सोड्यात भिजवतात?

हो. नॉर्वे-स्वीडनमधला हा नाताळच्या सुमाराचा मासा. वाळवून लाकडासारखा झालेला कॉड आधी काही दिवस साध्या पाण्यात, मग कॉस्टिक सोड्याच्या किंवा राखेच्या क्षाराच्या पाण्यात, मग पुन्हा कित्येक दिवस साध्या पाण्यात ठेवतात. शेवटची धुलाई महत्त्वाची, तिच्याशिवाय तो खाण्यालायक नसतो. क्षाराने प्रथिनं फुगतात आणि मासा खरवसासारखा थरथरू लागतो. जरा जास्त शिजला की पळीतून निसटून वाहतो. चांदीचे काटे-चमचे मात्र दूर ठेवायचे, काळे पडतात.

लोकांना त्रास होतो तो वासाचा आणि त्याहून जास्त पोताचा. चव म्हणाल तर जवळपास नाहीच. चव सगळी सोबतच्या गोष्टींची: नॉर्वेत बेकन आणि वाटाणे, स्वीडनमध्ये पांढरा सॉस, अमेरिकेच्या मिनेसोटात वितळलेलं लोणी. मिनेसोटातल्या लुथरन चर्चमध्ये शरद ऋतूत याची सामुदायिक जेवणं होतात आणि मॅडिसन हे तिथलं गाव स्वतःला लुटेफिस्कची राजधानी म्हणवतं. तिथे कॉडचा मोठा पुतळा आहे, त्याचं नाव ‘लू टी. फिस्क’. स्थलांतरितांच्या नातवंडांसाठी हा मासा म्हणजे कुळाची खूण. आवडतो का, हा प्रश्नच तिथे गैरलागू.

युरोपात आणखी काय काय आहे?

चेक प्रजासत्ताक, स्लोव्हाकिया आणि पोलंडमध्ये ख्रिसमसच्या आदल्या रात्री कार्प मासा लागतो. तक्रारी दोन: इंग्रजी वाय अक्षरासारखे बारीक काटे आणि चिखलाची चव. ही चव जिओस्मिन नावाच्या रसायनाची, पावसानंतर मातीला येणाऱ्या वासातही तेच असतं. जिवंत मासा घरच्या न्हाणीच्या टबात ठेवण्याची पद्धत प्रसिद्ध आहे. स्वच्छ पाण्यात काही दिवस राहिला तर चिखलाची चव कमी होते हे खरं, पण तोवर मुलं त्याचं बारसं करून मोकळी होतात आणि मग जेवायला कुणी बसत नाही.

आइसलंडमध्ये २३ डिसेंबरला आंबवलेला स्केट मासा खातात. या माशाच्या अंगात युरिया असतो, आंबवल्यावर त्याचा अमोनिया होतो. डोळ्यांत पाणी येईल इतका उग्र. वास कपड्यांना आणि पडद्यांना धरून बसतो, म्हणून कित्येक जण बाहेर उपाहारगृहातच खाऊन येतात.

एगनॉग प्यावं का?

अंडी, दूध, साय, साखर, वर जायफळ आणि बहुधा दारू. घट्टपणा न सोसणारे बरेच. दुकानातलं पाश्चराइज केलेलं असतं. घरचं असेल तर अंडी कच्ची आहेत का हे विचारा. मिश्रण ७१ अंशांपर्यंत तापवलेलं असलं म्हणजे झालं.

मी शाकाहारी आहे. भाजी दिसते त्यात काय दडलेलं असू शकतं?

बरंच काही. मार्शमेलो आणि जेलीत जिलेटिन, म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यातलं. टर्कीसोबतचं ब्रेडचं स्टफिंग पक्ष्याच्या पोटात शिजतं किंवा त्याच्या रश्श्यात भिजवतात. ग्रेव्ही तर टर्कीच्या रसाचीच. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत फरसबीत बेकन असतं. ‘पाय’ या सारण भरून भाजलेल्या पदार्थाच्या पारीत डुकराची चरबी आणि ब्रिटिश ख्रिसमस पुडिंग व मिन्स पायमध्ये गुरांच्या मूत्रपिंडाभोवतीची चरबी असू शकते. वनस्पती तेलाचा पर्याय मिळतो, पण वापरलाय का हे विचारावंच लागतं. कुस्करलेल्या बटाट्यांतही कधी कोंबडीचा रस्सा पडतो. डब्यातला क्रॅनबेरी सॉस सहसा निर्धोक.

हे आठवडाभर आधी विचारा. टेबलावर बसल्यावर विचारलंत तर यजमानीण ओशाळते आणि तुम्ही उपाशी राहता. सगळ्यांत उत्तम म्हणजे पोटभरीचा एक पदार्थ स्वतः घेऊन जाणं. बहुतेक घरी प्रत्येकाने काहीतरी आणण्याची रीत असतेच.

नावडता पदार्थ समोर आला तर थोडा तरी घ्यायलाच हवा का?

धर्म, पथ्य किंवा ॲलर्जी असेल तर मुळीच नाही. ‘नको, थँक यू’ एवढं पुरे, कारणांची यादी द्यायला जाऊ नका. नुसतं आवडत नसेल तर चमचाभर घ्यावं, कारण ज्याने केलंय तो समोरच बसलेला असतो. उगाच खोटं कौतुक मात्र करू नका. पुढच्या वर्षी तो पदार्थ खास तुमच्यासाठी होईल.

मुलांच्या बाबतीत जबरदस्ती उलटते. नव्या चवीशी ओळख व्हायला ती पुष्कळ वेळा समोर यावी लागते आणि वर्षातून एका दिवसात ते होणं अशक्य. ब्रेड, बटाटे, मका खाऊ द्या आणि विषय सोडा.

घरातला एखादा पदार्थ कायमचा बंद करायचा असेल तर?

आधी तो खरंच कुणाला हवा आहे का, ते सणाच्या बरंच आधी, सहज बोलता बोलता विचारा. पुष्कळदा असं निघतं की आई मुलांसाठी करत होती आणि मुलं आईसाठी खात होती. एकालाही हवा असेल तर छोट्या भांड्यात करा. अडचण चार जणांच्या पदार्थाचा चोवीस जणांपुरता घाट घालण्यात असते. आणि बदली पदार्थ जुन्याच्या जागीच ठेवू नका, तुलना होते. एक वर्ष दोन्ही ठेवा, कुठलं भांडं रिकामं होतंय ते बघा.

उरलेल्याचं काय?

दोन तासांच्या आत फ्रिजमध्ये. टर्की हाडावरून सोडवून उथळ डब्यांत भरा, अख्खी ठेवली तर आतून लवकर गार होत नाही. स्टफिंग पक्ष्याच्या पोटातून काढून वेगळं ठेवा. सगळं तीन-चार दिवसांत संपवा, त्यापुढचं गोठवा, आणि गरम करताना आतपर्यंत ७४ अंश गाठू द्या. हाडांचा रस्सा काढा. कोरडी म्हणून नाकं मुरडलेली टर्की त्या रश्श्यात चांगली लागते.